माणूस कुठे ठेवलाय?

रात्री साडेअकराला गावाकडून फोन वाजला की मनात आधी दवाखाना येतो. त्या रात्री दवाखाना नव्हता. विट्याच्या अलीकडच्या एका खेड्यातले गृहस्थ बोलत होते. त्यांचा मुलगा बेंगळुरूत, नगरथपेठेतल्या एका गलाईच्या दुकानात कामाला होता. संध्याकाळी साध्या कपड्यांतले चौघे आले, कुठल्याशा सोन्याविषयी विचारलं आणि त्याला गाडीत घालून घेऊन गेले. मालक फोन उचलत नव्हता, मुलाचा फोन बंद होता. "दादा, त्याला जेलात टाकलाय का, येवढं बघून सांगा," ते म्हणाले.

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी तालुक्यांतली माणसं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यात देशभर पसरली आहेत. बेंगळुरूच्या चिकपेठ-अव्हेन्यू रोडच्या बोळांत त्यांच्या भट्ट्या आहेत. चोरीचा माल वितळवायला आला असेल, हा संशय या धंद्याला कायमचा चिकटलेला. कुठल्याही राज्याचे पोलीस कधीही दारात उभे राहू शकतात, आणि मग गावाकडे हाच प्रश्न पोहोचतो.

मी सांगेपर्यंत ते थांबले नाहीत. पुतण्याला घेऊन रात्रीतच निघाले आणि उतरल्या उतरल्या रिक्षा करून थेट परप्पन अग्रहारच्या मध्यवर्ती कारागृहाच्या फाटकावर पोहोचले. सिल्क बोर्डच्या पुढे, होसूर रोडवरून आत. फाटकावरच्या शिपायाने नाव ऐकून घेतलं, आत विचारलं आणि म्हणाला, "इल्ला." इल्ला म्हणजे नाही, एवढं त्यांना पुतण्याने सांगितलं. मी पोहोचलो तेव्हा ते रस्त्याच्या कडेला बसले होते. "जेलात न्हाई म्हंत्यात. मग कुठं हाय? जित्ता हाय न्हवं?"

या एका 'नाही'ने किती घरांचा जीव जात असेल! खरं तर ते 'नाही' अगदी स्वाभाविक होतं. पकडलेला माणूस पहिल्या दिवशी जेलमध्ये नसतोच. तो ठाण्याच्या लॉकअपमध्ये असतो, गुन्हे शाखेच्या कार्यालयात असतो, सरकारी दवाखान्यात तपासणीच्या रांगेत असतो किंवा गाडीत असतो. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं, असं राज्यघटनेचं २२ वं कलम सांगतं. तिथे जामीन मिळतो, किंवा पोलीस कोठडी, किंवा न्यायालयीन कोठडी. कारागृहाचं फाटक उघडतं ते बहुतेक वेळा या शेवटच्या हुकमानंतर. महाराष्ट्रातल्या कोर्टांच्या आवारात लोक पोलीस कोठडीला 'पीसीआर' आणि न्यायालयीन कोठडीला 'एमसीआर' म्हणतात. बेंगळुरूचे वकील एमसीआरला 'जेसी' म्हणतात. हा फरक ठाऊक नसलेला माणूस जेलच्या दाराशी बसून राहतो, आणि त्याच वेळी त्याचा मुलगा शहराच्या मध्यभागी नृपतुंग रोडवरच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात उभा असतो, बाजूला घरचं कोणी नाही, वकील नाही.

म्हणून 'अमका जेलमध्ये आहे का' हा प्रश्न नुसता जेलला विचारून भागत नाही. तो आधी ठाण्याला, मग कोर्टाला आणि त्यानंतर जेलला विचारायचा असतो. ठाण्याचं नाव, गुन्ह्याचा नंबर आणि वर्ष या तीन गोष्टी हाताशी आल्या की अर्धा शोध संपला. आपल्याकडे त्याला 'गुरनं' म्हणतात, गुन्हा रजिस्टर नंबर. बेंगळुरूत 'क्राइम नंबर' म्हणायचं. 'गुरनं सांगा' म्हटलं तर समोरचा अंमलदार नुसता बघत राहतो.

हे शहर या प्रश्नासाठी निवडायला आणखी एक कारण आहे. आज जिथे फ्रीडम पार्क आहे, मोर्चे आणि उपोषणं होतात, तिथे २००० च्या सुमारापर्यंत बेंगळुरूचं जुनं मध्यवर्ती कारागृह होतं. टेहळणीचा मनोरा आणि काही बराकी अजून उभ्या आहेत. २६ जून १९७५ ला पक्षांतरविषयक संसदीय समितीच्या बैठकीसाठी बेंगळुरूत आलेले अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि आपल्या राजापूरचे खासदार मधू दंडवते यांना अटक झाली. दंडवते अठरा महिने बंदिवासात राहिले, त्यांतला बहुतेक काळ याच जेलमध्ये. पुढे त्यांच्या पत्नी प्रमिलाताईही येरवड्याच्या जेलमध्ये गेल्या. नवरा बेंगळुरूच्या जेलमध्ये, बायको पुण्याच्या, आणि मधे सेन्सॉरच्या हाताखालून जाणारी पत्रं. तरीही एका अर्थी हे दोघं नशीबवान. दोघांचा ठावठिकाणा घरच्यांना ठाऊक होता.

बेंगळुरूत पकडलेल्या त्या चौघांच्या सुटकेच्या याचिका कर्नाटक उच्च न्यायालयात चालल्या. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला त्यासाठी बेंगळुरूला येऊन उभे राहिले. आणीबाणी असली तरी हेबिअस कॉर्पसची, म्हणजे ताब्यातला माणूस कोर्टापुढे आणा असं सांगणारी, याचिका ऐकता येते, असं देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं. कर्नाटक त्यांत होतं, मुंबईही होती. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने जबलपूरच्या खटल्यात चार विरुद्ध एक अशा मताने हे सगळे निकाल फिरवले. बहुमतात आपले यशवंतराव चंद्रचूड होते. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात राहिले. या निकालाचा साध्या भाषेतला अर्थ असा की, माझा माणूस कुठे आहे हे विचारायला कोर्टाचंही दार उरलं नाही.

तीनच दिवसांनी, १ मे १९७६ च्या रात्री, बेंगळुरूत लॉरेन्स फर्नांडिस यांना पोलिसांनी घरातून नेलं. त्यांचा राजकारणाशी संबंध नव्हता. थोरला भाऊ जॉर्ज भूमिगत होता आणि पोलिसांना त्याचा पत्ता हवा होता. पुढे जे झालं ते आणीबाणीतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगापुढे आलं: बेदम मारहाण, अन्नपाण्यावाचून ठेवणं, आणि कागदोपत्री अटकच नसणं. अटक दाखवली गेली ती बऱ्याच दिवसांनी आणि वेगळ्याच ठिकाणची. शेवटी ते जेलमध्ये आले तेव्हा त्यांना आधाराशिवाय चालता येत नव्हतं. आई अ‍ॅलिस फर्नांडिस यांनी राष्ट्रपतींना पत्र लिहिलं. दुसरा मुलगा मायकेल त्याच शहराच्या जेलमध्ये मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली होता. त्या आईच्या बाजूने विचार करून पाहा. एक मुलगा जेलमध्ये आहे, हे पक्कं ठाऊक आहे. दुसरा कुठे आहे ते कोणी सांगत नाही. त्या दिवसांत 'तो जेलमध्ये आहे' हे वाक्यसुद्धा तिला दिलासा वाटलं असतं.

त्याच दिवसांत कन्नड चित्रपट 'संस्कार'मधल्या अभिनेत्री स्नेहलता रेड्डी याच जेलमध्ये आल्या. दम्याचा विकार असताना आठ महिने काढून १५ जानेवारी १९७७ ला पॅरोलवर बाहेर आल्या आणि पाच दिवसांनी गेल्या. फ्रीडम पार्कमध्ये गेलं की मला या बाया-माणसांची आठवण येते. तिथल्या हिरवळीवर दुपारी कॉलेजची मुलं डबे खात असतात. येऊ दे त्यांना, बसू दे. पण त्या मनोऱ्याखाली काय घडलं ते त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

जबलपूरचा निकाल २४ ऑगस्ट २०१७ ला, खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने रीतसर चुकीचा ठरवला. या नव्या खटल्याचा मुख्य निकाल लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड म्हणजे यशवंतरावांचेच चिरंजीव, आणि तो खटला ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती.

अटकेची खबर घरी गेलीच पाहिजे, हा नियम मात्र त्याच्या कितीतरी आधी घडत आला. जानेवारी १९९४ मध्ये गाझियाबादच्या जोगिंदर कुमार या २८ वर्षांच्या वकिलाला पोलिसांनी चौकशीला बोलावलं. संध्याकाळी सोडू म्हणाले, मग उद्या म्हणाले, आणि मग त्याला कुठे नेलं तेच घरच्यांना कळेना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सरन्यायाधीश होते बेंगळुरूचेच एम. एन. वेंकटचलय्या. अटक झालेल्याच्या मर्जीतल्या एका माणसाला अटकेची आणि ठिकाणाची खबर देणं पोलिसांना बंधनकारक आहे, असं त्या खंडपीठाने सांगितलं. डिसेंबर १९९६ च्या डी. के. बसू निकालाने हे आणखी बारकाईने मांडलं. अटकेचा पंचनामा, त्यावर घरच्या किंवा मोहल्ल्यातल्या प्रतिष्ठिताची सही, नातेवाईक दुसऱ्या जिल्ह्यात असतील तर ८ ते १२ तासांत त्यांना तार, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी, आणि नियंत्रण कक्षात सगळ्यांना दिसेल अशा फलकावर अटकेची माहिती.

फलकाची ही कल्पना मला फार मोलाची वाटते. २०१० पासून ती फौजदारी प्रक्रिया संहितेत आली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३७ व्या कलमात ती अधिक ठसठशीत झाली. प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला एक अधिकारी नेमायचा. अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप ही माहिती त्याने ठेवायची आणि ती ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायची, हवी तर डिजिटल पद्धतीने. कलम ४८ सांगतं की अटक आणि ठिकाण यांची खबर नातेवाईक किंवा मित्राला ताबडतोब द्यायची आणि तशी नोंद करायची. इतकंच नाही, आरोपी पुढे आला की ही खबर दिली गेली की नाही, याची खात्री मॅजिस्ट्रेटने करायची.

म्हणजे विट्याच्या त्या बापाने कोणाला शोधायचंच नव्हतं. सरकारने त्याला शोधून सांगायचं होतं. हे एकदा नीट समजलं की ठाण्याच्या पायरीवर उभं राहायची पद्धतच बदलते. आपण मेहेरबानी मागत नाही, कायद्याने देणं असलेली माहिती मागतो. "साहेब, कलम ३७ चे नेमलेले अधिकारी कोण?" हा प्रश्न नम्रपणे विचारला तरी पुरतो. मी तो विचारायला लागलो तेव्हापासून खुर्ची मिळते.

फलक मात्र क्वचित दिसतो. मी पाहिलेल्या एका ठाण्यात तो होता, त्यावर सहा आठवड्यांपूर्वीची नावं होती. पोलिसांची बाजूही मला दिसते. माणसं कमी, बंदोबस्त रोजचा, आणि टोळीतला एक सापडला तर बाकीच्यांना खबर लागू नये ही त्यांची काळजी खोटी नसते. पण कायद्याने ती काळजी तोलूनच नियम केला आहे. खबर द्यायला उशीर करण्याची मुभा त्यात ठेवलेली नाही.

खरी अडचण येते ती 'अटक नाही, चौकशीला आणलंय' या उत्तरापाशी. कायद्यात हजर राहण्याची नोटीस आहे, साक्षीदाराला बोलावण्याची नोटीस आहे. नोटीस घेऊन आलेला माणूस उठून घरी जाऊ शकतो. उठून जाऊ देत नाहीत तर ती अटकच, नाव काहीही द्या. २४ तासांचं घड्याळ कोणत्या मिनिटाला सुरू झालं, यावरच पुढचे सगळे हक्क टांगलेले असतात. म्हणून नातलगांनी सगळ्यांत आधी वेळ लिहून ठेवावी: किती वाजता नेलं, कोणी पाहिलं, गाडीचा नंबर काय. शेजारच्या दुकानाचा कॅमेरा त्याच दिवशी पाहून घ्यावा, आठवड्याने चित्रण पुसलेलं असतं. ठाण्याच्या दारात, लॉकअपमध्ये, मार्गिकेत कॅमेरे हवेत आणि चित्रण महिनोन्महिने जपायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात बजावलं आहे. ते चित्रण मागायचा अर्ज लवकर केला तर उपयोग.

मधल्या या न नोंदलेल्या तासांत काय होऊ शकतं, ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. परभणीचा ख्वाजा युनूस हा अभियंता घाटकोपर स्फोटाच्या तपासात डिसेंबर २००२ मध्ये पकडला गेला. जानेवारीत पोलिसांनी सांगितलं की औरंगाबादकडे नेताना पारनेरजवळ गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. सीआयडीच्या तपासातून निघालं ते वेगळंच: त्याचा मृत्यू कोठडीतच झाला होता. त्याची आई आसिया बेगम वर्षानुवर्षं कोर्टाची पायरी चढत राहिली.

दुसऱ्या राज्याचे पोलीस आले की गुंता वाढतो. १३ फेब्रुवारी २०२१ ला दिल्ली पोलिसांनी बेंगळुरूतून दिशा रवी या २२ वर्षांच्या पर्यावरण कार्यकर्तीला शेतकरी आंदोलनाच्या 'टूलकिट' प्रकरणात उचललं आणि दिल्लीला नेऊन दुसऱ्या दिवशी तिथल्या कोर्टात उभं केलं. बेंगळुरूच्या मॅजिस्ट्रेटपुढे नेऊन ट्रान्झिट रिमांड, म्हणजे दुसऱ्या राज्यात न्यायची परवानगी, घेतलेली नव्हती. आईला आणि स्थानिक ठाण्याला कळवलं होतं, असं पोलिसांचं म्हणणं होतं. पण कोर्टात उभं राहताना तिच्या पसंतीचा वकील बाजूला नव्हता. २३ तारखेला तिला जामीन मिळाला. त्याच प्रकरणात बीडचा अभियंता शंतनू मुळूक आणि मुंबईची वकील निकिता जेकब यांना वेळेत वकील गाठता आले. मुंबई उच्च न्यायालयाने, शंतनूच्या बाबतीत औरंगाबाद खंडपीठाने, दोघांना ट्रान्झिट अटकपूर्व जामीन दिला. एकच प्रकरण, तेच पोलीस. फरक पडला तो आपल्याच राज्याच्या कोर्टात आधी पोहोचता आलं की नाही, याचा. गलाईवाल्यांच्या गावांत हे पाठ असायला हवं.

आता संगणकाचं बघू. अमेरिकेत राहणारी आपली माणसं सांगतात की तिथे काउंटीच्या शेरिफच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की माणूस आत आहे का, कुठल्या आरोपाखाली आणि जामिनाची रक्कम किती, ते दिसतं. बऱ्याच ठिकाणी फोटोही असतो. ते ऐकून हेवा वाटतो. पण त्या यादीत दोष सिद्ध न झालेल्या माणसाचा चेहरा जगापुढे लागतो, आणि नोकरी देणारा तो कायम शोधू शकतो. आपल्या गावांत तर एवढ्यावर बहिणीचं लग्न मोडेल. माझं मत असं की माहिती घरच्यांना तासाभरात मिळावी आणि जगाला तिची गरज नसावी. ठाण्याच्या फलकाची कल्पना या दोन टोकांच्या बरोबर मधे बसते. बघायला तुम्हाला तिथवर जावं लागतं, आणि जातो तो बहुधा आपलाच माणूस.

आपल्याकडे माहिती तुकड्यांत सापडते. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१६ च्या आदेशानुसार एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावा लागतो. लैंगिक अत्याचार, दहशतवाद यांसारखे संवेदनशील गुन्हे त्यातून वगळले आहेत. ई-कोर्ट्सवर ठाणं आणि एफआयआर क्रमांक टाकून किंवा पक्षकाराच्या नावाने खटला शोधता येतो. तिथला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक एकदा मिळाला की पुढची प्रत्येक तारीख घरबसल्या कळते. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर अटक आरोपी शोधायची सोय आहे. देशभरच्या तुरुंगांसाठी ई-प्रिझन्स आहे आणि भेटीची नोंद 'ई-मुलाकात'वर होते. तिथे राज्य, तुरुंग, कैद्याचं नाव, वडिलांचं नाव, वय असं सगळं भरावं लागतं. म्हणजे माणूस कुठे आहे हे आधीच माहीत असलेल्याला ती खिडकी उपयोगी. ज्याला शोधायचंय त्याला ती तोच प्रश्न उलट विचारते.

आणि नावाचा घोळ! आमच्याकडे मुलाचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. कर्नाटकात आद्याक्षरं पुढे. कानडीत ऐकून लिहिलेलं आणि त्यावरून इंग्रजीत टाइप झालेलं 'जाधव' कधी एच गमावतं, कधी व्हीच्या जागी डब्ल्यू येतं. घरात ज्याला सगळे 'बापू' म्हणतात त्याचं आधारवरचं नाव काकांना धड आठवत नाही. यंत्र अक्षराला अक्षर ताडून 'नोंद नाही' सांगतं, आणि पुन्हा एकदा ते 'इल्ला'. शोधायला निघताना आधार कार्डाचा फोटो जवळ ठेवा, नाव तीन-चार तऱ्हांनी टाकून बघा, वडिलांच्या नावाने बघा.

आत गेलेला माणूस एका जागी राहीलच असंही नाही. नव्या संहितेत पोलीस कोठडीचे १५ दिवस सलग घ्यावे लागत नाहीत. गुन्ह्यानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत ते तुकड्यांनी घेता येतात, म्हणून आज जेलमध्ये असलेला उद्या परत ठाण्यात असू शकतो. दुसऱ्या गुन्ह्यात 'बॉडी वॉरंट' काढून दुसऱ्याच जिल्ह्याचे पोलीस घेऊन जातात. गर्दी किंवा शिस्त यांसाठी बदली होते. ऑगस्ट २०२४ मध्ये अभिनेता दर्शनला परप्पन अग्रहारहून बळ्ळारीला हलवलं, ते दुसऱ्या दिवशी सगळ्या देशाला कळलं. त्याचा कैदी क्रमांकही लोकांना पाठ झाला. जयललिता, शशिकला यांच्या वेळी असंच झालं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा, मुद्रांक घोटाळ्यातला अब्दुल करीम तेलगी परप्पन अग्रहारचाच कैदी होता आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये व्हिक्टोरिया हॉस्पिटलमध्ये वारला, तेही कळलं. देशात २०२२ अखेर ५,७३,२२० कैदी होते, त्यांतले ४,३४,३०२ खटला संपायची वाट बघणारे कच्चे कैदी. यांतल्या किती जणांची बदली घरी कळली असेल!

अठराच्या आतलं मूल जेलमध्ये शोधूच नये. ते बालन्याय मंडळापुढे आणि निरीक्षणगृहात असतं, आणि त्याचं नाव कुठेही जाहीर करायला कायद्याने बंदी आहे. बायकांचा कक्ष वेगळा, तिथे चौकशीही वेगळी करावी लागते.

परदेशात हा प्रश्न देशादेशांतला होतो. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार अटक झालेल्याने मागणी केली की त्याच्या वकिलातीला विनाविलंब कळवावं लागतं. सांगलीत जन्मलेले कुलभूषण जाधव ३ मार्च २०१६ ला पकडले गेले आणि पाकिस्तानने भारताला कळवलं २५ मार्चला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ च्या निकालात हा उशीर कराराचा भंग ठरवला. हेगच्या न्यायाधीशांनी मोजलेले ते तीन आठवडे आणि परप्पन अग्रहारच्या फाटकाबाहेर एका बापाने मोजलेले तास, माझ्या लेखी एकाच मापाचे आहेत.

भाषेबद्दलही लिहायला हवं, कारण आपली माणसं इथे सगळ्यांत जास्त तिथेच अडकतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या मिहिर शहा प्रकरणात सांगितलं की अटकेची कारणं लेखी द्यावीत आणि ती त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत असावीत. बेंगळुरूत पकडलेल्या आटपाडीच्या पोराला ती मराठीत मागता येतील. तोवर गंमत अशी की या विषयातले कानडी शब्द आपलेच आहेत. ठाणे, आरोपी, वकील, कारागृह, जामीनला 'जामीनु'. अटकेला मात्र 'बंधन' म्हणतात. पाटीवरची लिपी वाचता आली नाही तरी कान उघडे ठेवले तर अर्धं कळतं.

वकील परवडत नाही म्हणून गप्प बसायचं कारण नाही. कोठडीतल्या कोणत्याही माणसाला, उत्पन्न काहीही असो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली मोफत वकील मिळतो. १५१०० हा क्रमांक देशभर चालतो, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे वकील जेलमध्ये जाऊन येत असतात. 'आत आहे का' याचं उत्तर त्यांच्याकडून पुष्कळदा लवकर येतं. ठाणं नाही म्हणतं, कोर्टात नोंद नाही, २४ तास उलटलेत, अशी वेळ आली तर उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पस. कर्नाटकात अशा याचिकेला 'डब्ल्यूपीएचसी' म्हणतात. कब्बन पार्कलगतच्या त्या लाल इमारतीत ती दाखल होते, बेळगावकडच्यांना धारवाडचं खंडपीठ जवळ. याचिका दाखल होणार असं कळताच माणूस कोर्टात हजर केला गेल्याची उदाहरणं वकील मंडळी सांगतात.

आमच्यावर ती वेळ आली नाही. ओळखीच्या वकीलबाईंनी नृपतुंग रोडला जाऊन त्या दिवशीच्या रिमांडची यादी पाहिली. अकराव्या नंबरला पोरगा होता, आडनावात एक अक्षर कमी. पाच दिवस पोलीस कोठडी झाली, मग जेसी. वकीलबाईंनी ठाण्याचं नाव आणि क्राइम नंबर एका चिठ्ठीवर लिहून वडिलांना दिला. त्यांनी ती घडी करून बँकेच्या पासबुकात ठेवली.

सहाव्या दिवशी आम्ही परत परप्पन अग्रहारला गेलो. रांगेत ते मला दोन कानडी शब्द पुन्हा पुन्हा विचारत होते. खिडकीपाशी नंबर आला. आतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "यारु?" त्यांनी पासबुकातून चिठ्ठी काढली, दोन्ही हातांनी आत सरकवली आणि म्हणाले, "नन्न मगा." माझा मुलगा. आतल्या माणसाने रजिस्टरवर बोट फिरवलं, एका ओळीवर थांबवलं, आणि मान हलवली. आहे.